दंतवैद्याच्या खुर्चींत

गेल्या आषाढांत आमची खालची उजवी दाढ ठणकूं लागली, तेव्हां आमच्यासारखा सुशिक्षित गृहस्थ जें करतो तेंच आम्हीं केलें. लवंगेच्या तेलाचा बोळा दाबून धरला, डाव्या बाजूनें जेवूं लागलों, आणि कोणास कांहीं सांगितलें नाहीं. लवंगेच्या तेलांतील युजेनॉल ठणका घटकाभर दडपतें. कीड आपलें काम चालूंच ठेवते. हें आम्हांस ठाऊक होतें. ज्ञानानें माणूस धीट होतो असें ज्यांचें मत असेल त्यांची दाढ कधीं दुखली नसावी.

आमच्या भीतीस कारण होतें. आम्ही नऊ वर्षांचे असतां एका दंतवैद्यानें "कांहीं करत नाहीं, नुसतं पाहतों" असें म्हणून आमचा दांत उपटला. त्या वेळची कळ आम्ही केव्हांच विसरलों. ती थाप मात्र चाळीस वर्षें विसरलों नाहीं.

एके रात्रीं पानावर बसलों असतां दिसलें, कीं आमची दहा वर्षांची कन्याहि डाव्याच बाजूनें जेवते आहे. "दांत दुखतो का ग?" "छे, नाहीं बाबा." तें उत्तर, तो चेहरा, सारें आमचेंच होतें. वारसा म्हणून मुलीस देण्याजोगें दुसरें कांहीं आमच्यापाशीं नव्हतें काय? दुसऱ्या दिवशीं तिला घेऊन निघालों. दारांत ती म्हणाली, "आधीं तुम्ही बसा."

या बाबतींत आम्हांस एक थोर उदाहरण आहे. अमेरिकेंतील हार्टफर्डचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनीं ११ डिसेंबर १८४४ रोजीं नायट्रस ऑक्साइड वायु हुंगून प्रथम स्वतःचीच दाढ काढवून घेतली. पुढच्याच महिन्यांत बोस्टनच्या प्रयोगांत रोगी ओरडला व वेल्स यांची हुर्यो झाली. यश १८४६ सालीं ईथर वापरणाऱ्या मॉर्टन यांस मिळालें. हल्लीं बहुधा लिडोकेन टोंचतात. तें १९४३ सालीं स्वीडनमध्यें प्रथम तयार झालें. मज्जातंतूंत सोडियम शिरण्याची वाट तें अडवून धरतें; त्यामुळें वेदनेची वर्दी मेंदूपर्यंत पोंचतच नाहीं.

परंतु आमचा जीव खालीं पडला तो लिडोकेनमुळें नव्हे. डॉक्टरीणबाई वयानें आमच्या भाचीएवढ्या. त्यांनीं हत्यारें झाकलीं नाहींत, कीं "कांहीं होत नाहीं" असेंहि म्हटलें नाहीं. "सुई टोंचेल, थोडा वेळ. मग दाब कळेल, आवाज येईल. दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन." इतकेंच. अर्धा ओठ जड झाला, यंत्र गुणगुणूं लागलें, आणि आम्हीं हात वर केला. खरें सांगावयाचें तर दुखत नव्हतें. शब्द पाळला जातो कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें होतें. यंत्र तत्काळ थांबलें. थोड्या वेळानें पुन्हां हात उचलला; पुन्हां थांबलें. तिसऱ्या वेळेस हात उचलावासा वाटला नाहीं, आणि खुर्चीचा दांडा आवळून धरलेलीं आमचीं बोटें आपोआप सुटलीं. दांत कोरून पोट भरत नाहीं ही म्हण रचणाऱ्यानें दंतवैद्य पाहिला नसावा, असला पाचकळ विनोदहि त्या स्थितींत आम्हांस सुचला.

कीड मुळापर्यंत गेल्यामुळें आम्हांस आणखी दोन खेपा घालाव्या लागणार होत्या. कन्येचें काम त्याच बैठकींत उरकलें. तिनें पांच वेळां हात वर केला, आणि पांचहि वेळां बाई थांबल्या.

परततांना तिनें विचारलें, "बाबा, तुम्ही हात वर केलात तेव्हां खरंच दुखत होतं?"

ओठ बधिर असल्यामुळें बोलतां येत नाहीं, अशी आम्हीं खूण केली.