बर्फ कोणाचा? शिकाऊ माणसासाठी शांत जागा शोधताना

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत गेल्या हिवाळ्यात मुलं मोबाईलवर गुलमर्गच्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा पाहत बसली होती. पायाला लांब पट्ट्या बांधून माणसं बर्फावरून सुसाट खाली येत होती. अकरावीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, हे आपल्याला जमेल का?” आम्ही म्हणालो, शिकलं तर जमेल. त्यावर तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला. “पण शिकताना पडलो तर तिथले लोक हसतील का?”

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. अभ्यासिका चालवणारे आम्ही पाच जण, तीन पुरुष आणि दोन स्त्रिया. आमच्यातल्या एकानेही तोवर बर्फ हातात घेतलेला नव्हता. मग ठरवलं की मुलांना न्यायचं असेल तर आधी आपण जाऊन बघायचं, आपण पडायचं, आणि कोण हसतं ते पाहायचं. दरमहा प्रत्येकी हजार रुपये बाजूला टाकत वर्षभर पैसे जमवले.

ही बातमी बाहेर गेल्यावर एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आम्हाला चांगलंच सुनावलं. “समाजावर रोज अत्याचार होतायत आणि तुम्ही बर्फात खेळायला निघालात? हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत.” नामांतराच्या लढ्यात त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत. त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे, म्हणून तिथल्या तिथे उलट बोललो नाही. पण हाच टोमणा आपल्या अनेक तरुणांना घरीदारी ऐकावा लागतो. म्हणून त्याचं उत्तर इथे सविस्तर देतो.

महाडचा सत्याग्रह १९२७ चा. काळाराम मंदिराचा १९३० चा. पुणे करार १९३२ चा. एवढं सगळं चालू असताना १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना म्हटलं, तुम्ही येणार असाल तर आपण सहलीला जाऊ या. बाबासाहेब हो म्हणाले. सुमारे तीस जण निघाले. वेरूळची बौद्ध लेणी काहीही झालं तरी पाहायचीच, असं ठरलं होतं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात ही हकिकत त्यांनी स्वतः नोंदवून ठेवली आहे. म्हणजे चळवळीच्या माणसाने सहलीला जावं की नाही, हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे.

पण ही हकिकत इथे संपत नाही. वाटेत त्रास नको म्हणून त्यांनी ओळख न देता प्रवास करायचं ठरवलं होतं. जिथे थांबायचं होतं तेवढ्याच ठिकाणी नावं कळवली होती. दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी त्यांनी हौदातल्या पाण्याने हातपाय धुतले आणि ‘यांनी हौद बाटवला’ म्हणून तिथल्या मुसलमान रहिवाशांनी त्यांना घेरलं. शेवटी किल्ला पाहू दिला तो सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. हा किल्ला आमच्या वस्तीपासून तासाभराच्या आत आहे. शाळेची सहल घेऊन आम्ही तिथे कितीदा गेलो आहोत.

इतरांना सहलीची जागा निवडताना हवामान, खर्च आणि देखावा एवढंच बघावं लागतं. आपल्याला त्यात एक प्रश्न जास्तीचा असतो. तिथे आपल्याशी माणसं कशी वागतील? त्या मुलीने नेमकं हेच विचारलं होतं.

आम्ही कागदावर चार प्रश्न लिहिले. उतार नवख्या माणसाला झेपणारा आहे का? गर्दी किती आहे? शिकवणारा रीतसर शिकलेला आहे का? आणि आडनाव सांगून राहता येईल का?

गुलमर्ग देशात सर्वांत नावाजलेलं. उंची सुमारे २,६५० मीटर. तिथे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था आहे, आणि खालच्या कुरणातले उतार नवख्यांसाठी खरोखर चांगले आहेत. पण गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने माणूस ३,९०० मीटरच्या वर अफरवटला जातो. तिथला उतार निष्णात माणसांचा, आणि हिमस्खलनाचा धोका असलेला. लोक फोटोत वरचा उतार पाहतात आणि शिकायला तिथेच निघतात, हा घोळ टाळायला हवा. आम्ही गुलमर्ग बाद केलं ते मात्र लांबचा प्रवास, खर्च आणि हंगामातली गर्दी यांमुळे.

मनालीजवळचं सोलंग सौम्य आहे. पण २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून त्या रस्त्यावर वर्दळ फार वाढली आहे. मोकळ्या मैदानावर बर्फावरच्या स्कूटर, ट्यूबवरून घसरणारी मुलं, घोडे, फोटो काढणारे, सगळे एकत्र. नवख्या माणसाला वळता येत नाही आणि थांबताही येत नाही. समोर अचानक कोणी आलं तर दोघांचे पाय मोडतात. म्हणून शांत जागा हवी ही नुसती आवडीनिवडीची गोष्ट नाही. त्यात सुरक्षितताही आहे.

उत्तराखंडमधलं औली आम्हाला मनापासून आवडलं होतं. लांब, मोकळा उतार, राज्याच्या पर्यटन मंडळाचे शिकाऊंसाठीचे वर्ग. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतलं स्कीइंगही तिथेच झालं. पण औलीच्या पायथ्याशी जोशीमठ आहे. २०२३ च्या जानेवारीत तिथल्या शेकडो घरांना तडे गेले, कुटुंबं घराबाहेर काढावी लागली आणि औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला. हे गाव जुन्या दरडीच्या मातीवर वसलं आहे, इथे अवजड बांधकाम नको, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ सालीच दिला होता. पुनर्वसनाचं काम आम्ही जवळून पाहिलेलं आहे. ज्यांच्या भिंतींना तडे गेलेत त्यांच्या गावावरून हसत खेळत वर जायला मन धजावलं नाही. कोणी म्हणेल, पर्यटक आले नाहीत तर त्याच लोकांची रोजी बुडते. हा मुद्दा खरा आहे. आमच्यातही यावर एकमत झालं नाही. दोघांचं मत औलीच्याच बाजूने होतं.

अखेर ठरलं हिमाचलमधलं नारकंडा. शिमल्यापासून साठेक किलोमीटर, उंची सुमारे २,७०० मीटर, सफरचंदाच्या बागांमधलं छोटं बाजारगाव. उतार लहान. निष्णात माणूस तिथे दोन दिवसांत कंटाळेल, आणि म्हणूनच तो तिकडे फारसा फिरकत नाही. मनालीच्या सरकारी पर्वतारोहण संस्थेचे स्कीइंगचे वर्ग सोलंगबरोबर इथेही भरतात. उणीव एकच, बर्फाचा भरवसा नाही. म्हणून तिकीट फेब्रुवारीचं काढलं आणि आदल्या आठवड्यात फोन करून बर्फ पडल्याची खात्री केली. सचखंड एक्स्प्रेसने अंबाला, तिथून सरकारी बस.

राहिला चौथा प्रश्न. आमच्यातला एक जण म्हणाला, नुसतं पहिलं नाव सांगू, कशाला भानगड? १९३४ साली त्या तीस जणांनीही नावं झाकली होती, हे त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण पुढे मुलांना न्यायचं तर त्यांनाही आडनाव लपवायला शिकवायचं का? सर्वांनी पूर्ण नाव सांगायचं ठरलं. पहिल्या घरगुती निवासाच्या मालकाने आडनाव दोनदा विचारलं, मग म्हणाला, “आप लोग कौन होते हैं?” आम्ही म्हणालो, बौद्ध. “बाद में बताते हैं,” म्हणाला. नंतर फोन आला नाही आणि आमचा फोन उचललाही गेला नाही. खोली खरंच भरली असेल. पुरावा आमच्याकडे नाही. आपल्याकडे असा पुरावा सहसा नसतोच. दुसऱ्या ठिकाणी बौद्ध म्हटल्यावर मालक म्हणाले, “अच्छा, किन्नौरवाले?” नारकंड्याहून तोच रस्ता पुढे किन्नौरला जातो, तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे बौद्ध आहेत. आम्ही त्यांना १४ ऑक्टोबर १९५६ आणि नागपूर सांगितलं. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “आइए, कमरा है.” तिथे पाच दिवस राहिलो. त्यांच्याच चुलीशी बसून जेवलो.

आता बर्फावरचं सांगतो. पहिला तासभर तर बूट घालण्यातच गेला. ते इतके कडक की चालताना लाकडी पाय लावल्यासारखं वाटतं. प्रशिक्षक तिथलाच, सरकारी संस्थेत शिकलेला. त्याने सगळ्यात आधी पडायला शिकवलं. तोल गेला तर हात मागे टेकायचा नाही, कुशीवर, कमरेच्या बाजूने पडायचं, काठ्या अंगापासून लांब ठेवायच्या. मग उठायला शिकवलं. स्की उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठता उठता माणूस पुन्हा निघतो. मग आडव्या पावलांनी पायरी पायरी चढायला, आणि शेवटी थांबायला शिकवलं. पुढची टोकं जवळ, टाचा लांब, गुडघे वाकवून आतल्या कडांवर भार. घसरत जाणं तर आपोआप होतं. शिकायचं असतं ते थांबणं.

पहिल्या दिवशी आम्ही किती वेळा पडलो याचा हिशेब सोडून दिला. आमच्यातली एक ताई, जी तहसीलदाराच्या टेबलावर हात आपटून बोलते, ती पहिल्यांदा पडल्यावर झटकन आजूबाजूला पाहू लागली. कोणी पाहिलं का, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. ती नजर आम्ही ओळखतो. शाळेत फळ्यापुढे उभं केल्यावर, कॉलेजात पहिल्यांदा इंग्रजी बोलताना, मुलाखतीच्या खोलीत आपली माणसं अशीच पाहतात. आपल्यातले बहुतेक जण प्रत्येक गोष्ट घराण्यात पहिल्यांदा करत असतात. पहिला पदवीधर, पहिली नोकरी, पहिलं विमान. दुसऱ्यांची मुलं घरी आईबापांसमोर चुका करून येतात. आपली मुलं पहिली चूक चारचौघांत करतात आणि त्यावर ‘आला कोट्यातून’ असा शेरा ऐकतात. त्यामुळे कित्येक जण चूक होईल म्हणून करूनच बघत नाहीत.

त्या उतारावर त्या दिवशी आमच्याखेरीज दहाबारा माणसं असतील. सगळी पडत होती. कोणी मोबाईल रोखून उभं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ताई वरून खालपर्यंत एकदाही न पडता आली आणि थांबलीसुद्धा. चौथ्या दिवशी पुन्हा पडली आणि या वेळी तिने आजूबाजूला पाहिलं नाही. हसत उठली.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. आम्ही जिथे चहा प्यायचो तिथे भांडी घासणारा तरुण आमचं बोलणं ऐकून एकदा जवळ आला आणि हळूच आपली जात सांगून गेला. २०११ च्या जनगणनेनुसार हिमाचलात अनुसूचित जातींचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर आहे, पंजाबखालोखाल देशात दुसरं. पण ‘देवभूमी’च्या जाहिरातीत ही माणसं दिसत नाहीत. आम्ही त्याला विचारलं, तुला स्की येते का? म्हणाला, इथेच जन्मलो, पण कधी पायात घातली नाही. बूट कोण देणार? याच भागात, कोटगढला, सफरचंद रुजवणाऱ्या सॅम्युअल स्टोक्स यांनी १९२१ च्या सुमारास बेगारीविरुद्ध लढा दिला. साहेबांचं ओझं डोंगरावर सक्तीने वाहण्याची ती रीत. महार वतनाच्या बेड्या तोडण्यासाठी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक आणणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना बेगार म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. कायद्याने बेगार गेली. तरी उतारावर खेळणारा कोण आणि खाली भांडी घासणारा कोण, ही वाटणी अजून जन्मावरूनच होते. आम्ही पाच जण एकदा घसरून आल्याने ती बदलत नाही, हे आम्हाला कळतं.

ती बदलते सार्वजनिक संस्थांमुळे. २०१४ साली तेलंगणच्या समाजकल्याण निवासी शाळांतली तेरा वर्षांची मालावत पूर्णा आणि तिच्यासोबत आनंद कुमार एव्हरेस्टवर पोचले. २०१८ साली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची आदिवासी मुलं पोचली. ही मुलं कोणा श्रीमंताच्या कृपेने गेली नव्हती. शासनाने शिकवलं, साहित्य दिलं, खर्च केला. मग समाजकल्याणच्या वसतिगृहांतून दरवर्षी काही मुलामुलींना सरकारी पर्वतारोहण संस्थांच्या वर्गांना का पाठवू नये? ही मागणी आपल्या संघटनांनी निवेदनात घातली पाहिजे. शिष्यवृत्ती वेळेवर मिळण्याची मागणी पहिली, यात वाद नाही. पण तिच्या खाली ही दुसरी ओळ लिहायला काय हरकत आहे?

त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांना आम्ही परतल्यावर भेटलो. त्यांचं मत बदललं नाही. पण निघताना त्यांनी विचारलं, “थंडी किती होती रे?” आणि मग अर्धा तास सगळं ऐकून घेतलं.

अभ्यासिकेतल्या मुलीला आम्ही सांगितलं, जगात हसणारे लोक आहेतच, पण जिथे सगळेच शिकत असतात तिथे हसायला कोणाला सवड नसते. अशी जागा शोधावी लागते, आणि आम्ही एक पाहून आलो आहोत. बाबासाहेबांच्या तीन शब्दांतला पहिला शब्द ‘शिका’ आहे. तो फक्त पुस्तकापुरता आहे, असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही.

तिने आणि आणखी तिघांनी महिना शंभर रुपये टाकायला सुरुवात केली आहे. उरलेले आपण मिळून घालायचे आहेत.

जय भीम!