धारेचा साचा

कोयता, विळा, पटाशी यांना आमच्या बेळगाव-खानापूर भागात धार ‘लावत’ नाहीत, त्यांना ‘पाजवतात’. मराठीचे शिक्षक म्हणून हा शब्द आम्हाला फार प्रिय आहे. लोखंड तहानलेले असावे आणि ओल्या दगडावर त्याची तहान भागावी, असे काहीसे त्यात आहे. परंतु रंध्याच्या यंत्राची पाती पाजवायची म्हटली, की नुसता दगड आणि नुसता हात पुरत नाही.

हाताच्या रंध्याला पाते एक. यंत्राच्या रुळावर ती दोन किंवा तीन असतात, आणि रूळ मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेतो. दोन पाती असली तर मिनिटाला आठ ते दहा हजार काप झाले. त्या दोहोंची धार सरळ हवी, उतार एक हवा आणि वजनही सारखे हवे. एक पाते केसभर पुढे राहिले तर सारे काम तेच करते, दुसरे नुसते मिरवते, आणि फळीवर बारीक लाटा उमटतात. वजनात अंतर पडले तर यंत्र थरथरू लागते.

हा विषय आमच्या मनात घर करून बसला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. त्याचे वडील पूर्वीचे नावाजलेले मेस्त्री. मुलाने दहावीनंतर कर्ज काढून नऊ इंची पात्यांचे यंत्र घेतले. एके दिवशी बोथट पात्यावर लाकूड अडले, उसळून मागे आले, आणि त्याच्या डाव्या तर्जनीचे अग्र गेले. धारदार पात्याला माणूस भितो, पण खरे भ्यायचे ते बोथट पात्याला. ते लाकूड कापत नाही, झोडपते; मग हाताला जोर करावा लागतो, आणि जोर केलेला हात अवचित निसटला तर कोठे जाईल याचा नेम नसतो.

त्यानंतर तो पाती शहरात धाडू लागला. चार-चार दिवस यंत्र बंद राही. बँकेचा हप्ता मात्र बंद राहत नसे. एकदा तर पाती मध्यभागी खोलगट होऊन परत आली. त्या सुमारास आमच्या शाळेच्या बाकांच्या फळ्या त्याच्याकडे होत्या. फळ्यांवर लाकडाचे तंतू उपटून आलेले. अशा बाकावर पहिलीचे मूल बसवायचे म्हणजे त्याच्या तळहातात कुसळे भरवायची. फळ्या आम्ही परत केल्या. तो काही बोलला नाही, बोट मात्र त्याने मुठीत झाकून घेतले. ते पाहून दिवाळीच्या सुट्टीत आम्हीच त्याच्या छपरीत जाऊन बसलो.

पहिला प्रश्न कोनाचा. पात्याची जाडी ३ मिलिमीटर, उताराची रुंदी सुमारे ४.७ मिलिमीटर. जाडीला रुंदीने भागले की कोनाची ज्या मिळते. कोन आला जवळजवळ ४० अंश. दहावीच्या वर्गातली त्रिकोणमिती, पण छपरीत ती निराळीच वाटली.

मग शिसवीचा अकरा इंच लांबीचा ठोकळा घेतला. त्याच्या तळाला ४० अंशांत कललेल्या, एकमेकींना समांतर अशा दोन खाचा गोल करवतीने पाडल्या. करवतीचा काप पात्याच्या जाडीएवढाच रुंद होता, हे भाग्य. पाते नऊ इंचांचे असल्याने दोन्ही टोकांना इंच-इंच लाकूड उरले. तेथून बोल्ट आरपार घातले. बोल्ट आवळले की खाच किंचित मिटते आणि पाते घट्ट धरले जाते.

खरी युक्ती पुढे आहे. पाती खाचेत सैल ठेवून ठोकळा जाड काचेवर उभा करायचा. दोन्ही पात्यांचे उतार काचेवर सपाट टेकले, की मगच बोल्ट आवळायचे. पातळी ठरवते ती काच. माणसाच्या नजरेकडे ते काम राहतच नाही. आम्ही दहा मिलिमीटर जाडीची, दोन फूट लांब काच वापरली. तिच्यावर वॉटर पेपर पाण्यानेच चिकटवला. आधी १८० नंबरचा, मग ३२०, ६०० आणि शेवटी १०००. उतारावर काळ्या पेनाने रेघोट्या ओढून ठेवाव्यात. कोठे घासले जाते आणि कोठे नाही, हे त्या शाईवरून तत्काळ कळते. ठोकळा धार मागे राहील अशा बेताने ओढावा, नाहीतर कागद फाटतो. पाठीमागे धातूची केसासारखी किनार बोटाला लागली, की पात्याची पाठ सपाट काचेवर चार वेळा फिरवावी. पाती काढण्या-बसवण्यापूर्वी यंत्राची वायर भिंतीतून उपसून ठेवावी, हे सांगायला नको, तरी सांगतो.

पात्याला मोठा दात पडला असेल तर हा ठोकळा उपयोगाचा नाही. ते काम कारखान्यातच करून घ्यावे. तसेच झटपट होईल म्हणून ग्राइंडरवर पाते धरू नये. ही पाती बहुधा हायस्पीड पोलादाची असतात. टेलर आणि व्हाइट या अमेरिकनांनी १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात जे पोलाद जगाला दाखवले, त्याच कुळातली. तापून त्यांचे पाणी सहजी उतरत नाही हे खरे; पण तापलेले पाते एकदम पाण्यात बुडवले तर धारेला न दिसणारे तडे जातात.

हे सारे चालू असताना थोरले मेस्त्री उंबऱ्यावर बसून होते. “साच्यावर धार धरतोय तो सुतार कसला, गुरुजी?” असे ते दोनदा म्हणाले. आमचे मत निराळे आहे. पहिलीच्या मुलाला आम्ही दुरेघी वही देतो, ती त्याचे अक्षर हिरावून घेण्यासाठी नव्हे. आणि ज्याच्या बोटाचे अग्रच राहिले नाही, त्याला बापाच्या बोटांतली विद्या कोण कशी देणार? त्यांना आम्ही हे बोलून दाखवले नाही.

तिसऱ्या दिवशी पाती बसवून त्याच परत आलेल्या फळ्या यंत्रातून काढल्या. लाकडाच्या बारीक, स्वच्छ कपच्या बाहेर पडल्या. थोरल्या मेस्त्रींनी एक फळी मांडीवर घेतली, तळहात उलटा करून तिच्यावरून हळूहळू फिरवला, आणि बराच वेळ ते गप्प राहिले. मग आत जाऊन स्वतःचा रंधा घेऊन आले.

“ह्यात आमचं पातं बसतंय काय?”

बसले नाही. हातरंध्याच्या पात्याचा कोन २५ अंशांचा आणि रुंदी दोन इंचांची. त्याच्यासाठी दुसरा ठोकळा करावा लागला. त्याची खाच मात्र त्यांनी यंत्राला न लावता स्वतःच्या हातकरवतीने पाडली.