बहुरूपी नव्हे, दुभाषी

प्रिय मुक्ता,

तुझं मशीन आज सकाळी कुरिअरवाल्याकडे दिलं. परवा साताऱ्याला पोचेल. खोकं आडवं टाकू नका म्हणून ताईला सांग. ग्राफिक्स कार्ड मी काढून वेगळं गुंडाळलंय, ते तुला परत बसवायचंय. तुला येतं. २०१७ च्या दिवाळीत आपण दोघं ते कार्ड शोधत लॅमिंग्टन रोडवर चार तास फिरलो होतो. त्या वर्षी क्रिप्टोच्या खाणकामवाल्यांनी बाजारातली कार्डं उचलून नेली होती आणि आरएक्स ५७० म्हटलं की दुकानदार नुसती मान हलवायचे. शेवटी एका जिन्याखालच्या गाळ्यात मिळालं. ग्रँट रोडपासून दादर, दादरपासून डोंबिवली, तू ते खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाहीस. सहावीत होतीस.

म्हणून गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस, ‘मामा, दुकानातले काका म्हणतात हे आता भंगारात द्या,’ तेव्हा मला राहवलं नाही. काकांनी दिलेलं कारण खोटं नव्हतं. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि आपला आय५ सातव्या पिढीचा. एका पिढीने हुकलं. पण खोलून बघितलं तर आत सगळं धडधाकट आहे. पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, एवढंच काम होतं. अशा मशीनला भंगार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मी त्यात लिनक्स मिंट ही खुली कार्यप्रणाली टाकलीय, नव्या एसएसडीवर. जुनी हार्ड डिस्क, तिच्यावरच्या विंडोजसकट, जशीच्या तशी शेजारी ठेवली आहे. का, ते पुढे सांगतो.

तुझा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे: माझे खेळ चालतील का? स्टार्ड्यू व्हॅली आणि हॉलो नाइट यांची लिनक्ससाठी वेगळी आवृत्तीच आहे, त्यांचा प्रश्न नाही. ‘राजी’ मात्र, आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला, संगणकावर फक्त विंडोजसाठी आला. तो मी तीन रात्री या मशीनवर खेळलो. व्यवस्थित चालतो. विंडोजसाठी बांधलेला खेळ, विंडोज नसलेल्या मशीनवर. हे कसं होतं ते तुला नीट सांगावंसं वाटतं, कारण तू भाषा शिकतेस आणि हा सगळा मामला भाषेचाच आहे.

बहुरूपी आणि दुभाषी यांतला फरक बघ. बहुरूपी दुसऱ्याचं अख्खं सोंग घेतो, चाल, बोलणं, मिशी, दरारा, सगळं. संगणकात अशा सोंगाला एम्युलेटर म्हणतात. एक यंत्र दुसऱ्या यंत्राचं सोंग घेतं आणि प्रत्येक हालचाल वठवून दाखवावी लागत असल्याने दमतं, संथ होतं. दुभाष्याचं तसं नाही. १६७४ साली इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आला, तेव्हा बोलणी करायला सोबत नारायण शेणवी होता. त्याला ना राजा व्हायचं होतं, ना इंग्रज. एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत अर्थ न सांडता पोचवायचं, एवढंच त्याचं काम.

तुझा खेळ प्रोसेसरवर थेटच चालतो. प्रोसेसर तोच, त्याची भाषा विंडोजखाली जी तीच लिनक्सखाली. फरक पडतो तो मागण्यांमध्ये. खेळ सारखं काही ना काही मागत असतो. ही फाइल उघड, एवढी मेमरी दे, माऊस कुठे आहे सांग, हे हजार त्रिकोण या रंगात काढ. या मागण्या तो विंडोजच्या बोलीत करतो. मध्ये उभा असलेला दुभाषी त्या लिनक्सच्या बोलीत सांगतो आणि उत्तर परत खेळाच्या बोलीत देतो. या दुभाष्याचं नाव वाइन. ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’ या वाक्याची आद्याक्षरं. बहुरूपी नव्हे, हे त्याने नावातच सांगून ठेवलंय.

वाइनचं काम १९९३ मध्ये सुरू झालं. पुढच्याच वर्षी अलेक्झांद्र ज्युलियार्ड या माणसाने त्याची धुरा घेतली आणि ती आजही त्याच्याकडे आहे. पहिली ‘१.०’ आवृत्ती आली जून २००८ मध्ये. पंधरा वर्षं, मुक्ता! तू एका कथेच्या भाषांतराला दोन महिने लागले म्हणून खट्टू होतेस, तेव्हा मला ही पंधरा वर्षं आठवतात. एवढा वेळ का लागला? विंडोजचा मूळ कोड बंद आहे, आणि वाइनचा कडक दंडक असा, की ज्याने तो कोड पाहिलाय त्याचं काम इथे घ्यायचं नाही. म्हणजे सगळं बाहेरून शिकायचं. जाहीर कागदपत्रं वाचायची, छोट्या छोट्या चाचण्या लिहून विंडोजला विचारायचं, ‘असं म्हटलं तर तू काय उत्तर देशील?’ आणि ते उत्तर नोंदवायचं. असे हजारो प्रश्न. त्यातही गंमत अशी की विंडोजची चूकसुद्धा चुकीसकट उतरवावी लागते, कारण एखादा खेळ नेमका त्या चुकीवर विसंबून असतो. मूळ लेखकाचं व्याकरण सुधारून देणारा भाषांतरकार इथे उपयोगाचा नाही.

या कामावरचा शर्तनामाही एकदा बदलावा लागला. आधी वाइनचा कोड कुणीही घेऊन आपल्या बंद उत्पादनात घालू शकत असे आणि केलेल्या सुधारणा परत देण्याचं बंधन नव्हतं. मार्च २००२ मध्ये शर्त बदलली: वाइनमध्ये फेरबदल करून कुणाला दिलंस तर ते फेरबदलही खुले ठेव. मला हा या सगळ्या गोष्टीतला कळीचा क्षण वाटतो. पुढे मोठी कंपनी पैसे घेऊन आली तेव्हा तिचं कामही सर्वांच्या अंगणात राहिलं, ते अशा शर्तींमुळे.

ती कंपनी म्हणजे स्टीम हे खेळांचं दुकान चालवणारी व्हॉल्व्ह. पण तिच्याआधी एक तरुण आला. २०१७ मध्ये ‘निअर: ऑटोमाटा’ नावाचा जपानी खेळ निघाला. फिलिप रेबोले याला तो लिनक्सवर खेळायचा होता आणि वाइनकडून त्याची चित्रं धड उमटत नव्हती. चित्रांची मागणी खेळ डायरेक्टथ्रीडी नावाच्या बोलीत करतो. फिलिपने त्या बोलीतून वल्कन या खुल्या बोलीत उलथा करणारा नवा दुभाषी लिहायला घेतला, डीएक्सव्हीके. एका खेळाच्या ओढीने सुरू झालेलं हे काम. व्हॉल्व्हने त्याला हाताशी घेतलं, वाइनवर काम करणाऱ्या कोडवीव्हर्स कंपनीला सोबत घेतलं, आणि २१ ऑगस्ट २०१८ ला वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर दुरुस्त्यांचं एकत्र गाठोडं जाहीर केलं: प्रोटॉन. त्याचाही कोड खुला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र याच प्रोटॉनवर हजारो खेळ चालवतं.

तुझ्या कार्डाचीही अशीच गोष्ट आहे. वल्कन २०१६ मध्ये आलं तेव्हा या कार्डाची चिप बनवणाऱ्या एएमडीने लिनक्ससाठीचा आपला वल्कन ड्रायव्हर लगेच खुला केला नाही. डेव्ह एअरली आणि बास न्यूवनहाउझेन या दोघांनी वाट न बघता स्वतःच एक लिहिला, रॅडव्ही. त्यात पुढे अनेकांची भर पडत गेली आणि तो इतका सरस झाला की २०२५ मध्ये एएमडीने आपला खुला ड्रायव्हर थांबवून याच्याच पाठीशी उभं राहायचं ठरवलं. लॅमिंग्टन रोडच्या जिन्याखालून आणलेलं तुझं कार्ड आज या ड्रायव्हरवर चालतंय.

या सगळ्याच्या खूप आधी, मी वसतिगृहात होतो तेव्हा पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची. एका मित्राच्या मशीनवर आम्ही सगळे ती रात्रभर टाकत बसायचो. पेंग्विन बर्फावरून घसरत जातो तो टक्स रेसर आम्ही कितीदा खेळलो असू! पण मोठा खेळ खेळायचा तर मशीन बंद करून विंडोजमध्ये जायचं, ही रीतच होती. अमेरिकेत लोकी सॉफ्टवेअर नावाची छोटी कंपनी १९९८ पासून मोठे खेळ एकेक करून लिनक्सवर आणत होती. २००२ च्या जानेवारीत ती बंद पडली तेव्हा मला वाटलं, संपलं. मात्र तिथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगाने एसडीएल नावाची खुली ग्रंथिका लिहिली होती. खेळाला खिडकी, आवाज, कळफलक मिळवून देणारी. कंपनी गेली, ग्रंथिका राहिली, आजही वाढते आहे, आणि अगणित खेळ तिच्यावर उभे आहेत. सॅम पुढे व्हॉल्व्हमध्येच गेला. उघड्यावर ठेवलेलं काम असं धन्यापेक्षा जास्त जगतं, हे मी तेव्हा ओळखलं नव्हतं.

आता जे चालणार नाही, तेही सांगतो. व्हॅलोरंट.

तुझ्या मैत्रिणी शनिवारी रात्री व्हॅलोरंट खेळतात, आणि अदिती मुंबईला गेल्यापासून तेवढीच तुमची भेट होते, हे ताईने मला सांगितलंय. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही आणि चालेल अशी आशा मी तुला दाखवणार नाही. फसवणूक पकडणारी त्याची यंत्रणा, व्हॅनगार्ड, विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये जाऊन बसते. दुभाषी दिवाणखान्यात उभा राहून बोलतो, त्याला माजघरात जाता येत नाही. शिवाय लिनक्सचं कर्नल कुणीही बदलून बांधू शकतं. ज्या मोकळेपणावर माझा जीव आहे, तोच मोकळेपणा फसवणूक करणाऱ्यालाही मिळतो, असं खेळ बनवणारे म्हणतात. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही, पण ते पोकळही नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या यंत्रणांनी २०२१ मध्ये प्रोटॉनला वाट करून दिली, मात्र ती वाट उघडायची की नाही हे प्रत्येक खेळाच्या मालकाच्या हातात आहे. काहींनी उघडली. एपेक्स लेजेंड्सने उघडलेली वाट ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस पुन्हा बंद केली.

म्हणून जुनी डिस्क तशीच ठेवलीय. मशीन सुरू होताना एफ१२ दाबलंस की कोणती डिस्क ते विचारेल. शनिवारी रात्री विंडोज निवड, अदितीबरोबर खेळ, आणि मनात काही आणू नकोस. त्या डिस्कवर बँकेचं, कॉलेजचं काम मात्र करू नकोस, दुरुस्त्या थांबल्या आहेत. लिनक्सचं प्रेम मला पंचवीस वर्षांचं आहे, पण तुझी मैत्रीण त्याच्यापेक्षा मोठी.

दोन गोष्टी सांभाळ. एखादा खेळ पहिल्यांदा उघडताना ‘शेडर्स’ तयार होत आहेत असं दिसेल, तिथे घाई करू नकोस, एकदा झालं की पुढे खेळ अडखळत नाही. आणि जुन्या डिस्कवरचे खेळ लिनक्समधून चालवायचा प्रयत्न करू नकोस, तिची मांडणी विंडोजची आहे, प्रोटॉन तिथे रुसतं. नव्या डिस्कवर पुन्हा उतरवून घे. एखादा खेळ चालेल का अशी शंका आली तर प्रोटॉनडीबीवर बघ, तिथे खेळणारे आपापला अनुभव लिहून ठेवतात. वेळ असेल तेव्हा तुझाही लिही. ‘राजी’वर मी लिहिलंय, सातव्या पिढीचा आय५ आणि आरएक्स ५७० असं मशीनचं नाव घालून.

कधी वेळ काढून स्टीमच्या फोल्डरमध्ये ‘कॉम्पॅटडेटा’ उघड. नुसत्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर दिसतील, दर खेळाला एक. आत ‘ड्राइव्ह सी’ आहे, त्यात ‘विंडोज’, त्यात ‘सिस्टम३२’. खेळाला परकं वाटू नये म्हणून दुभाष्याने मांडून दिलेलं त्याचं घर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो.

स्टीमबरोबर एक खेळ मी माझ्याकडून टाकलाय, ‘द बॅटल फॉर वेस्नॉथ’. डेव्हिड व्हाइटने २००३ मध्ये सुरू केला. संपूर्ण मुक्त, फुकट, षटकोनी घरांच्या पटावरचा डावपेचांचा खेळ. त्यातल्या मोहिमांमध्ये कथा आहेत, संवाद आहेत, पानंच्या पानं मजकूर आहे, आणि तो मजकूर हौशी लोक आपापल्या भाषेत नेत असतात. सगळं खुल्या फाइलींमध्ये आहे. वर इंग्रजी ओळ, खाली तुझी जागा. एक मोहीम खेळून झाली की त्यातलं एखादं पान मराठीत करून मला पाठव. मी पहिल्या पडद्याशीच अडलोय. ‘एंड टर्न’ला ‘डाव सोडा’ म्हणावं तर हरल्यासारखं वाटतं, ‘पाळी संपवा’ कानाला बरं लागत नाही. तू लहानपणी अंगणात खेळताना काय म्हणायचीस?

तुझा,
संजूमामा