पैरा

भाताची लावण एकट्या घराला उरकत नाही. शाहूवाडी तालुक्याची पश्चिम बाजू सह्याद्रीला टेकलेली. आंबा, गजापूर, विशाळगड या पट्ट्यात पाऊस एकदा लागला की दिवसच्या दिवस उघडीप नसते. रोप लावणीला आलं की ते कुणासाठी थांबत नाही आणि केलेला चिखलही फार दिवस ठेवता येत नाही. तरण्या पावसाच्या त्या थोड्या दिवसांत प्रत्येक घराला एकाच वेळी पुष्कळ हात लागतात, आणि घरात असतात चार-सहा. म्हणून पैरा. आज तुमच्या वावरात आम्ही, उद्या आमच्या वावरात तुम्ही. मजुरी द्यायची नाही. ज्याचं वावर त्यानं भाकरी, आमटी आणि खर्डा घेऊन बांधावर यायचं, एवढंच. ज्याच्याकडं एकच बैल असे, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी पैरा करून औताची जोडी पुरी करी. साताऱ्याकडं यालाच सावड म्हणतात.

कडवीच्या खोऱ्यातल्या आमच्या वाडीत मी पहिल्यांदा चिखलात उतरले, तेव्हा माझं काम रोपाच्या मुठी पोचवायचं होतं. त्यामुळं ओळीतल्या प्रत्येक बाईजवळ मला जावं लागे आणि तिथलं बोलणं कानांवर पडे. घरात सासऱ्यासमोर डोईवरचा पदर सरकू न देणाऱ्या सुना लावणीच्या ओळीत मोकळ्या बोलत. माहेरचं आजारपण, दारू पिऊन येणारा नवरा, लांबलेलं बाळंतपण, सगळं तिथं निघे. सगळ्यांच्या माना खाली, हात चिखलात, डोक्यावर इरली. कुणी कुणाचं तोंड बघत नसे, म्हणून बोलताना लाज आड येत नसे. सासूला जे थेट सांगता येत नसे ते चार बायकांपलीकडच्या आत्तीला मोठ्यानं सांगितलं जाई, आणि सासूला ते ऐकू येई. तीही उत्तर त्याच वाटेनं पाठवी. दोन जावांची वर्षभराची धुसफूस एका वावराच्या लावणीत निवलेली मी पाहिली आहे. समोरासमोर बसून मन मोकळं करावं असं आता आपण एकमेकांना सांगतो. माझ्या वाडीतली माणसं शेजारी शेजारी राबताना बोलत. अवघड गोष्ट सांगायची तर मी आजही समोरच्याला काहीतरी काम हाती देते आणि स्वतःही एक घेते. भाजी निवडता निवडता जे निघतं ते बैठकीत निघत नाही.

पैऱ्यात कुणी कुणाचे आभार मानत नसे. लावण संपली की “येतो गा” म्हणून माणसं पाय धुवायला ओढ्यावर जात. हिशेब मात्र पक्का असे. कुणाच्या घरचे किती हात किती दिवस आले हे आईला न लिहिता पाठ होतं, आणि शेजारच्या वैनींनाही. तरी हंगाम संपताना तो सगळा फिटलेला नसायचा. कुणाचा एक दिवस आमच्याकडं राहिलेला, आमचा अर्धा दिवस आणखी कुणाकडं. तो कापणीला नाहीतर मळणीला पुरा व्हायचा, आणि तेव्हा नवं काही राहायचं. दोन घरांनी सगळं फेडून टाकलं की वाडी समजून जाई की त्यांचं बिनसलंय. थोडं देणं अंगावर असणं ही जाणं-येणं चालू असल्याची खूण होती.

1925 साली मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकानं पॉलिनेशियापासून वायव्य अमेरिकेपर्यंतच्या समाजांतल्या देवघेवीवर एक दीर्घ निबंध लिहिला. देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही माणसावरची बंधनं आहेत आणि त्यांतून समाज बांधला जातो, असं त्यानं मांडलं. जपानात शिराकावा-गोच्या डोंगरी घरांची गवती छपरं शाकारायला सगळा गाव जमतो, त्या श्रमाच्या देवघेवीला तिथं युई म्हणतात. 1995 पासून ती घरं जागतिक वारशाच्या यादीत आहेत. हे मी पुष्कळ उशिरा वाचलं, आणि वाचताना आईचा तो पाठ हिशेब आठवून ऊर भरून आला.

माझे वडील मुंबईत गिरणीत साचेखात्यात होते. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांतला एक तरी गडी तेव्हा लालबाग-परळला असे. गावकीच्या खोलीत माणसं पाळीपाळीनं झोपत. रात्रपाळीचा उठला की त्याच्या वळकटीच्या जागी दुसरा. नव्यानं आलेल्या पोराला नोकरी लागेपर्यंत खोली जेवू घाली आणि मग तो पुढच्या पोराला. तिथं भात नव्हतं, चिखल नव्हता, पण व्यवहार पैऱ्याचाच होता.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणारी घरं गावाकडं वळली. वडीलही आले. त्या पावसाळ्यात ते लावणीच्या ओळीत उभे राहिले तेव्हा धाग्यांना सरावलेले त्यांचे हात रोपाला चालेनात. ओळ पुढं जाई आणि त्यांचा पट्टा मागं उरे. दोन्ही बाजूंच्या गड्यांनी आपापले पट्टे रुंद केले आणि त्यांचा निमुळता केला. कुणी काही बोललं नाही. त्या वर्षी शेजारून पायलीनं तांदूळ आला, तोही तसाच, मागच्या दारानं. वडिलांचा मान राखून त्यांना आधार द्यायचा तर गप्प राहून कसा द्यायचा, हे त्या माणसांना ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहिली आहे. आमच्याकडं लावणीला येणारी एक बाई मजुरीवर येई. तिला जमीन नव्हती. तिच्या वावरात जाऊन आमचा दिवस फेडावा, असं वावरच तिला नव्हतं. 1918 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात महार वतन रद्द केलं, गावाची सक्तीची चाकरी कायद्यानं मोडली. पण बरोबरीच्या देवघेवीत शिरायला हातात काहीतरी असावं लागतं, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या काहींना मिळालंच नव्हतं. ती बाई ओळीच्या कडेला असे आणि फार बोलत नसे. तिच्याशी आमचा हिशेब रोजच्या रोज मिटे. म्हणूनच तिच्याशी आमचं नातं झालं नाही.

आता भावाच्या वावरात पॉवर टिलर चिखल करतो आणि लावण उक्ती दिली जाते. पुष्कळ भातखाचरांत ऊस आला आहे. वाकून वाकून मोडलेल्या आईच्या कमरेकडं पाहिलं की ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. पुण्यात माझ्या इमारतीतली मुलं चहाचे पैसेही फोनवर लगेच एकमेकांना पाठवतात. कुणाचं काही अंगावर राहू नये ही त्यांची शिस्त प्रामाणिक आहे. तरी मला वाटतं, इतक्या लवकर मोकळं झालं की पुन्हा दार वाजवायला कारण उरत नाही.

पैऱ्याची सुरुवात कुणीतरी मागितल्यानं होते. आमच्या वाडीत मोठ्या वावरवाल्यानं लहान वावरवाल्याच्या दारात आधी जायची रीत होती. “उद्या पैऱ्याला या” हे शब्द त्यानं आधी उच्चारायचे. ज्याच्याकडं जास्त, त्यानं आधी मागायचं, म्हणजे दुसऱ्याला मागताना कमीपणा वाटत नाही. ती रीत त्या मजुरीवर येणाऱ्या बाईच्या दारापर्यंत पोचली असती तर वाडी खऱ्या अर्थानं एक झाली असती. पुण्यात मी ती जमेल तशी पाळते. माझ्याकडं स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंना पगार वेळेवर देते आणि त्याखेरीज त्यांच्याकडं मागतेही. आजारी पडले तेव्हा रात्री सोबतीला बोलावलं, त्यांच्या मुलीच्या परीक्षेत मी रोज तिच्याशेजारी बसले. पगाराचा हिशेब महिन्याला मिटतो. हा दुसरा हिशेब आम्ही दोघी मिटू देत नाही.