ओटीपोटातली कळ

मराठीत दुखण्याच्या शब्दांची टंचाई नाही. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, मुरडा येतो, वेणा सुरू होतात. एवढी श्रीमंती असूनही मुलींच्या रजेच्या अर्जात गेली तीस वर्षे मी एकच वाक्य वाचत आलो आहे : ‘पोटात दुखत असल्यामुळे काल शाळेस येऊ शकले नाही.’ कन्नड शाळेतल्या अर्जातही ‘होट्टे नोवु’ याहून अधिक काही नसते. घरचा सल्लाही ठरलेला. आपली आजी म्हणते, ‘सोस बाई’. शेजारची अज्जी म्हणते, ‘तडको’. आमच्या सीमाभागात दोन भाषांचे एकमत क्वचितच होते. या बाबतीत मात्र ते पूर्ण आहे.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने असे अकरा वर्षे सोसले. नववीपासून पाळीच्या दिवसांत ती अंथरुणाला खिळे, उलट्या होत. पुढे पाळी नसतानाही ओटीपोट दुखू लागले, शौचाच्या वेळी कळ येऊ लागली. सोनोग्राफी झाली; ‘काही नाही’ असा निर्वाळा मिळाला. एका डॉक्टरांनी ‘लग्न झालं की थांबेल’ असे सांगितले. नात्यातल्या बायका तिला ‘नाजूक’ म्हणत. त्याचा अर्थ ‘नाटकी’ असा होता. अखेर पंचविसाव्या वर्षी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत निदान झाले : एन्डोमेट्रिओसिस. ते ऐकून ती मला म्हणाली, ‘‘थोरले काका, म्हणजे मी खोटं बोलत नव्हते.’’

मी मराठीचा एम. ए.; वैद्यकाशी माझा संबंध नाही. पण त्या वाक्याने मला स्वस्थ बसू दिले नाही. आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आज स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तिच्यापुढे मी वही घेऊन बसलो, तिने दिलेले वाचले. जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो.

गर्भाशयाला आतून एक अस्तर असते. दरमहा ते जाड होते आणि पाळीत गळून पडते. या रोगात तशाच अस्तराची ठिगळे गर्भाशयाबाहेर रुजतात; बीजांडकोशावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. ती तिथे पोचतात कशी? जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२७ साली मांडले की, पाळीचे काही रक्त बीजनलिकांतून उलटे पोटात उतरते आणि त्यातल्या पेशी तिथे मूळ धरतात. पण असे उलटे वाहणे बहुतेक स्त्रियांत घडते, रोग मात्र सुमारे दहांत एकीलाच होतो. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आणि आनुवंशिकता यांचाही यात हात असला पाहिजे. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास मानतात. २०२३ साली साठ हजारांहून अधिक रुग्ण स्त्रियांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या रोगाचे काही धागे अर्धशिशी आणि पाठदुखीशी जुळलेले आढळले.

आता दुखते का, ते पाहू. पहिले कारण दाह. ठिगळांभोवती पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये पाझरतात. त्यांनी नसा चेतवल्या जातात, गर्भाशयही जोराने आवळले जाते. ही ठिगळे स्वतःच इस्ट्रोजेन तयार करून त्यावर पोसतात आणि त्यांना आवर घालणाऱ्या प्रोजेस्टेरॉनला पुरेशी दाद देत नाहीत. दुसरे कारण, त्यांच्यात नवे बारीक मज्जातंतू फुटतात. तिसरे, व्रण भरताना अवयव एकमेकांना चिकटतात. मग आतडे हलले तरी ताण बसतो.

चौथे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. राखणीच्या कुत्र्याने वारंवार चोर पाहिला की पुढे पान हलले तरी ते भुंकते. वर्षानुवर्षे वेदनेचे निरोप पोचवून मज्जारज्जू आणि मेंदूही असेच हळवे होतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कायमचे आखडतात. मग ठिगळे काढली तरी काहींचे दुखणे पुरते जात नाही. हे मनाचे खेळ नव्हेत. हा नसांमध्ये झालेला बदल आहे.

‘काही नाही’ या निर्वाळ्याचा उलगडाही इथेच होतो. सोनोग्राफीत बीजांडकोशातली गाठ दिसते, पातळ ठिगळे बहुधा दिसत नाहीत. शिवाय रोगाचा पसारा आणि वेदना यांचे गणित जुळत नाही. चार ठिपके असलेली तळमळते, पोटभर रोग असलेली एखादी हिंडते-फिरते.

समूळ बरा करणारा उपाय अद्याप नाही. दाहशामक गोळ्या, संप्रेरकांची औषधे, गरजेनुसार शस्त्रक्रिया, स्नायूंसाठी व्यायामोपचार यांनी पुष्कळ आराम पडतो. लग्न आणि बाळंतपण ही याची औषधे नव्हेत. गर्भाशय काढूनही सर्वांचेच दुखणे थांबते असे नाही. युरोपातील तज्ज्ञांनी २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, लक्षणांवरून संशय आल्यास दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची वाट न पाहता औषधोपचार सुरू करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे १९ कोटी स्त्रिया आणि मुली या रोगाने पीडित आहेत. त्यांतल्या काही आपल्या गावात आणि आपल्या घरात असणारच.

पालकसभेत हल्ली मी एवढेच सांगतो. पाळीत थोडेफार दुखणे सर्वसाधारण आहे. पण दरमहा शाळा बुडत असेल, उलट्या होत असतील, साध्या गोळीने थांबत नसेल, पाळीनंतरही ओटीपोट दुखत असेल, तर मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. केव्हा, कुठे आणि किती दुखले ते तिला वहीत लिहायला सांगा आणि ती वही बरोबर न्या. एकाने हसण्यावारी नेले तर दुसऱ्याकडे जा. आणि हे सारे आईचेच काम आहे असे समजून बापाने वर्तमानपत्रात तोंड घालून बसू नये.