गुर्लहोसूरच्या वाटेवर
आम्हां सोलापूरकरांना कानडी परकी नाही. बाजारात भाव मराठीत विचारावा, उत्तर कानडीत यावे, हे रोजचेच. म्हणून विजापूरच्या रस्त्याने बेळगाव जिल्ह्यात शिरले, की गुर्लहोसूर दूरचे वाटत नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली इथेच जन्मले. १८८० साली पुण्यात त्यांचे ‘शाकुंतल’ रंगले, १८८२ साली ‘सौभद्र’ आले. त्यांतल्या काही पदांच्या चाली कानडी गीतांवरून घेतलेल्या. मधल्याच वर्षी, १८८१ साली, प्रागचे राष्ट्रीय नाट्यगृह उघडले ते स्मेतानाच्या ‘लिबुशे’ या ऑपेराने. त्याचे शिक्षण जर्मनमध्ये झालेले. चेक भाषा तो मोठेपणी नीट शिकला. गुर्लहोसूर आज कर्नाटकात आहे. सीमेवरून भांडण्यापूर्वी, वाचकहो, दोन्ही बाजूंनी एकदा ‘सौभद्र’ ऐकावे.