बादलीतला खेकडा

मराठी माणसाला खेकडा दोनच वेळी आठवतो. एकदा रस्सा ओरपताना आणि एकदा दुसऱ्या मराठी माणसाने आपले पाय ओढल्यावर. मला मात्र तो तिसऱ्याच कारणाने भेटला, आणि तोही आमच्याच न्हाणीघरात.

मी नुकताच निवृत्त झालो होतो. चौतीस वर्षे कचेरीत सगळे 'साहेब' म्हणत. ३१ मेच्या संध्याकाळी शाल आणि नारळ दिला नि साहेब काढून घेतला. दुसऱ्या दिवशी पंचवटीतल्या घरात मी नुसता 'अहो' उरलो. दूधवाला 'काका' म्हणाला तरी टोचायचे. गोदाकाठी फिरायला जाणेही सोडले. न जाणो, हाताखालचा कोणी भेटला आणि नुसतीच मान हलवली तर?

नातवाने सोमेश्वरच्या धबधब्याजवळून एक खेकडा आणून बादलीत ठेवला होता. एके सकाळी तो ओरडला, "आजोबा, एकाचे दोन झाले! आणि त्यातला एक मेलाय!"

पाहतो तो खरेच दोन. एक निपचित, पण नांग्या-पाय जिथल्या तिथे. दुसरा अंग चोरून बसलेला. शेजारचे प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक धावत आले. त्यांनाही बरेच दिवसांत विद्यार्थी मिळाला नव्हता.

"अहो, मेला कुठे? जुना कोट आहे तो त्याचा! कात टाकलीय."

मग न्हाणीघरातच तास सुरू झाला. खेकडा वाढतो, कवच वाढत नाही. म्हणून ते मागून फाटते आणि हा पठ्ठ्या उलट्या पावलांनी बाहेर पडतो. पाणी शोषून फुगतो आणि नवे कवच कडक होईस्तोवर मेणासारखा मऊ राहतो. कात टाकण्याचा हुकूम सोडते 'वाय' नावाची ग्रंथी. त्यावर 'तूर्त थांबावे' असा शेरा मारते 'एक्स', आणि ती बसते डोळ्याच्या देठात! १९०५ साली झेलेनी नावाच्या शास्त्रज्ञाने खेकड्यांचे ते देठच काढले, तर ते लवकर कात टाकू लागले. मला कचेरी आठवली. वरचे साहेब रजेवर गेले की फायली अशाच सुटत.

"समुद्रातल्या पुष्कळ जातींत," प्राध्यापक रंगात आले, "मादी कात टाकण्याआधी पाण्यात गंध सोडते. नर त्या वासावर येतो, तिला पोटाखाली धरतो आणि ती मऊ असेपर्यंत राखण करतो. अर्थात त्यात त्याचाही स्वार्थ असतो. लग्न तेव्हाच लागते!"

नातवासमोर मी विषय बदलला, पण मनात तो बदलेना. सगळा जून महिना दाराची कडी वाजली की मी आतल्या खोलीत आणि ही दारात: "ते घरी नाहीत हो." निरोपसमारंभाचे फोटो तिने न बोलता कपाटात सारले होते. का लपता, असे एकदाही विचारले नव्हते.

रात्री मीच विचारले, "मला कोणी भेटायला नकोय, हे तुला कसं गं कळलं?"

"पस्तीस वर्षं संसार केलाय," ती मेथी निवडत म्हणाली, "वास येतो."

खेकड्याने आपला जुना कोट खाऊन टाकला. त्यातला चुना नव्या कवचाला लागतो म्हणे. आठ दिवसांनी त्याला सोडायला आम्ही सोमेश्वरला निघालो. वाटेत कचेरीतला जुना शिपाई भेटला. "सा..." म्हणता म्हणता अडखळला आणि म्हणाला, "काका, बरे आहात ना?"

"बरा आहे," मी म्हणालो. आवाज जरा मऊच निघाला. पण निघाला.